सम, विषम आणि म्यूट

कोरोनात बंद झालेले शहरातले आठवी ते बारावीचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ ला पुन्हा उघडले आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत गुलाबपुष्पं घेतलेल्या मुलांचे फोटो आले. फोटोबाहेर आम्ही वर्गशिक्षक उभे होतो. हातात पटाची यादी आणि डोक्यात भागाकार.

पट ६०. बाकं ३०. एका बाकावर एक मूल म्हटलं तर ३० मावतात, पण बाकांत सहा फूट अंतर ठेवायचं, म्हणून २० च. पालकांचं लेखी संमतीपत्र आलं ४० जणांचं. मग हजेरी क्रमांकानुसार सम आज, विषम उद्या. म्हणजे रोज २० मुलं समोर आणि ४० घरी, मोबाइलवर तोच तास बघत. घरच्यांतले २० काल आलेले किंवा उद्या येणारे, आणि उरलेले २० संमतीच न आलेले, कायमचे मोबाइलवासी.

आता सोमवारी सम मुलांना समांतर रेषा शिकवल्या. मंगळवारी विषम आले. त्यांनी काल घरून ऐकलंय असं धरून पुढे जायचं? निम्म्यांचं नेट गेलेलं असतं, उरलेल्या निम्म्यांचं ‘गेलं होतं’. पुन्हा शिकवायचं, तर मोबाइलवासी तोच धडा दोनदा बघतात. अभ्यासक्रमात २५ टक्के कपात झाली होती, शिकवण्याचा वेग मात्र ५० टक्क्यांनी उतरला. मधले २५ टक्के कुणी शिकवायचे, याबद्दल परिपत्रक गप्प होतं.

शहाणपणाचा मार्ग एकच, असं माझं ठाम मत आहे. नवीन भाग वर्गातल्यांना शिकवायचा, घरच्यांना त्याच वेळी आधीच्या भागाचा सरावसंच द्यायचा आणि शेवटची दहा मिनिटं त्यांना लिंकवर शंकांसाठी बोलवायचं. मोबाइलवाशांना नवा भाग दुपारी वेगळा. पण पालकांच्या लेखी ‘ऑनलाइन’ म्हणजे मास्तर पूर्ण वेळ पडद्यावर हललेला दिसला पाहिजे. शिवाय सम-विषम हजेरी क्रमांकावर करू नये, घरावर करावं. नाहीतर थोरली नववीत सम, धाकटा आठवीत विषम, म्हणजे रोज कुणीतरी घरी आणि घरात मोबाइल एक. तोही सकाळी नऊला वडिलांबरोबर कामावर जाणार.

असो. हलणारा मास्तर दाखवायचा तर आधी मोबाइल उभा करायला हवा. बाजारातला स्वस्त ट्रायपॉड पंख्याच्या वाऱ्यावर मान टाकतो. त्यापेक्षा प्रयोगशाळेतला क्लॅम्पवाला लोखंडी स्टँड उत्तम. बूड जड असतं, उंची हवी तशी करता येते. फक्त क्लॅम्पची पकड मोबाइलच्या बाजूच्या बटणावर येता कामा नये, कारण स्क्रू आवळला की पडदा विझतो आणि ४० घरांत मास्तर अंतर्धान पावतात. मोबाइल आडवा, फळ्याच्या मध्याच्या उंचीवर, सहा-सात फुटांवर आणि अगदी समोर ठेवायचा. जरा तिरका ठेवला की लांबची कड आखडते. समांतर रेषा एकमेकींना कधीच छेदत नाहीत असं आपण सांगत असतो आणि घरच्या पडद्यावर त्या छेदायच्या बेतात आलेल्या असतात.

एवढ्या अंतरावरून फळ्याचा चार-पाच फूट रुंदीचाच भाग वाचण्यासारखा दिसतो. म्हणून आधी खडूने दोन उभ्या रेघा मारायच्या आणि त्यांच्या आतच लिहायचं, अक्षर अडीच-तीन इंच उंच. हा पट्टा चार ओळींत भरतो. वर्गातली मुलं विचारतात, ‘सर, एवढा फळा मोकळा आहे, तिकडे का नाही लिहीत?’ आणि पुसायला गेलं की घरून आवाज येतो, ‘सर, थांबा, पुसू नका!’ फळ्याशेजारी खिडकी असेल तर ती लावून घ्यावी. कॅमेरा उजेडाला भुलतो आणि फळ्यासकट मास्तर काळा करतो. पुढचा कॅमेरा वापरत असाल तर आपल्याच पडद्यावर आपलं अक्षर उलटं दिसतं. घाबरून उलटं लिहायला लागू नये, मुलांना ते सुलटच दिसतं.

खरी परीक्षा आवाजाची. मास्क शब्दांची धार बोथट करतो. स, श, फ, थ हे सगळे कापडामागे एकाच कुळातले होतात आणि ‘साठ’ की ‘आठ’ हे भूमितीत परवडत नाही. त्यात डोक्यावरचा पंखा मोबाइलला मास्तरांपेक्षा मोठ्याने ऐकू जातो. उपाय म्हणजे तारवाला इअरफोन, माइक कॉलरला चिमटवून. तार सव्वा मीटर. त्यामुळे मास्तर मोबाइलला दावणीला बांधल्यासारखे तेवढ्याच परिघात चरतात आणि मागच्या बाकांना हे पहिल्या दिवशीच कळतं.

इअरफोनमुळे घरच्या मुलाचा प्रश्न फक्त मास्तरांना ऐकू येतो आणि वर्गातल्या मुलाचं उत्तर घरी पोचत नाही. म्हणून प्रश्न असो की उत्तर, आपण पुन्हा मोठ्याने म्हणायचं. विसरलात, तर वर्गाला वाटतं सर स्वतःशीच बोलतायत. प्रश्न सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकर लावला आणि वर्गात आणखी कुणाच्या दप्तरातला मोबाइल त्याच लिंकवर असला, तर एकाचा आवाज दुसऱ्यात, दुसऱ्याचा पहिल्यात फिरत अशी शिट्टी वाजते की शेजारच्या तुकडीला तास संपल्यासारखं वाटतं. दप्तरं तपासायची वेळ तास सुरू व्हायच्या आधीची.

३५ मिनिटांच्या तासिकेतून ‘आवाज येतोय का?’, लिंक पुन्हा पाठवणं, सॅनिटायझर आणि नाकावरून घसरलेले मास्क वजा केले की शिकवायला वीस मिनिटं उरली तर नशीब. तरी नववीच्या पालकांची नजर असायची. १६ जुलै २०२१ ला दहावीचा निकाल परीक्षेविना ९९.९५ टक्के लागला आणि त्यात १०० पैकी ५० गुण नववीच्या कामगिरीवर होते. तेव्हापासून नववीकडे कुणी हलक्याने बघत नव्हतं.

राहिली हजेरी. पडद्यावर ‘रेडमी नोट ८’, ‘पप्पा जिओ’, ‘आई’ आणि नुसताच एक ठिपका अशी मंडळी जमतात. नाव बदलून आधी हजेरी क्रमांक, मग स्वतःचं नाव, ही शिस्त पहिल्या आठवड्यातच लावावी, पुढे लागत नाही. संध्याकाळी प्रत्यक्ष आणि ऑनलाइन अशा दोन रकान्यांत आकडे भरून पाठवायचे. बेरीज पटाएवढी किंवा कमी यायला हवी. ती येते ६३. कारण मुलगा वर्गात बसलेला असतो आणि घरी राहिलेल्या मोबाइलवरून त्याची आई तास करत असते, गृहपाठ काय दिला ते नीट कळावं म्हणून. प्रश्नही तीच विचारते, आणि चांगले विचारते. पण पट ६० आणि हजेरी ६३ याचा खुलासा दोन प्रतींत मागवला जातो आणि ‘पालक’ असा रकाना त्या तक्त्यात नसतो.