प्रिस्क्रिप्शनला धक्का न लावता अद्ययावत कसे राहावे

फुप्फुसविकारतज्ज्ञ म्हणून आपला जम बसून बरीच वर्षे झाली असतील, हाताला एक वळण पडले असेल, आणि नेमक्या याच सुखाच्या काळात नोंदणीच्या नूतनीकरणासाठी अमुक इतके क्रेडिट पॉइंट लागतील असे पत्र येऊन थडकले असेल, तर घाबरून जाऊ नका. निरंतर वैद्यकीय शिक्षण दुरून वाटते तितके धोक्याचे नाही. अनेक वर्षे त्याच्या सहवासात राहूनही ज्यांच्या लेखणीवर साधा ओरखडा उमटलेला नाही अशी माणसे आपल्या व्यवसायात आहेत, आणि मी त्यांच्यापैकीच एक आहे, हे सांगताना विनय माझ्या आड येत नाही.

मूळ तत्त्व एवढेच की ज्ञान आणि प्रिस्क्रिप्शन यांची गाठ पडू द्यायची नाही. ज्ञान फाइलमध्ये राहावे, प्रिस्क्रिप्शन हातात राहावे, आणि दोघांनीही आपापल्या जागी सुखाने नांदावे. शिक्षणाची साधने निवडताना हीच कसोटी लावावी.

त्या कसोटीवर पहिला क्रमांक एकतर्फी व्याख्यानाचा लागतो, आणि हे मी मनाचे सांगत नाही. डेव्ह डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ साली ‘जामा’ या नियतकालिकात उपलब्ध प्रयोगांचा आढावा घेतला, तेव्हा नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांच्या प्रत्यक्ष कामात फरक पडल्याचे त्यांना दिसले नाही. फरक पडलाच तर तो चर्चा, सराव आणि स्वतः करून पाहणे यांमुळे पडत होता. संशोधकांनी हा इशारा म्हणून लिहिला असावा. आपण त्याकडे हमीपत्र म्हणून पाहावे. गेल्या काही वर्षांत व्याख्यान वेबिनारच्या रूपाने घरी येऊ लागल्यापासून तर उरलासुरला धोकाही टळला आहे.

वेबिनारची रीत अशी. ठरल्या वेळी लिंक उघडावी, माइक आणि कॅमेरा बंद करावा आणि मोबाइल चार्जिंगला लावून उशीशेजारी ठेवावा. पहिली दहा मिनिटे वक्त्यांच्या परिचयात जातात, पुढची पाच ‘माझी स्लाइड दिसते आहे का?’ या प्रश्नात. दिसते आहे असे सांगणारा कोणीतरी नेहमी असतोच. तो आपणच असण्याची गरज नाही. पुढे एक स्लाइड येते, जिच्यावर चौदा चौकोन आणि वीसेक बाण असतात आणि जिच्याविषयी वक्ते स्वतःच म्हणतात, ‘ही जरा गर्दीची स्लाइड आहे, मी त्यात शिरत नाही.’ वक्तेच शिरत नाहीत तिथे आपण कशाला शिरायचे? मध्येच हजेरी तपासण्यासाठी पडद्यावर एक खिडकी उगवते आणि ‘आपण अजून उपस्थित आहात का?’ असा काहीसा आध्यात्मिक प्रश्न विचारते. तिच्यावर बोट ठेवण्यासाठी घरातल्या एखाद्या जागरूक माणसाची नेमणूक करून ठेवावी.

शेवटी पाच प्रश्नांची चाचणी असते. ती कितीही वेळा देता येत असल्यामुळे चिंतेचे कारण नाही. अ चुकले, ब चुकले, क चुकले, तर उरते ते ड. वगळत वगळत निदान करण्याची ही पद्धत सारकॉइडोसिसच्या, म्हणजे इतर आजार वगळूनच ओळखाव्या लागणाऱ्या विकाराच्या, रुग्णांमुळे आपल्या अंगवळणी पडलेलीच असते. मग ई-मेलने प्रमाणपत्र येते. त्यावरचे आपले नाव मात्र नीट तपासावे, कारण संपूर्ण कार्यक्रमात लक्षपूर्वक वाचण्याजोगा मजकूर तेवढाच असतो.

काही साधनांपासून मात्र चार हात दूरच राहिलेले बरे. त्यांत प्रश्नसंच पहिले. वाचलेले पुन्हा वाचण्यापेक्षा स्वतःची परीक्षा घेतल्याने ते अधिक काळ लक्षात राहते, हे रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दाखवून दिले आहे, आणि लक्षात राहिलेली गोष्ट कधी हातातून उतरेल याचा भरवसा नसतो. प्रश्नसंच सोडवायचाच झाला तर उत्तरांचे पान शेजारी उघडे ठेवून सोडवावा. दुसरे साधन ब्रॉंकोस्कोपीच्या, म्हणजे दुर्बिणीने श्वासनलिका आतून तपासण्याच्या, सरावाचे सिम्युलेटर. त्याच्या नादी लागू नये. तो पुतळा खोकत नाही, त्याचा ऑक्सिजन उतरत नाही, आणि वाट चुकल्याची नोंद मात्र तो इमानेइतबारे ठेवतो. खरा रुग्ण गुंगीत असतो आणि असल्या नोंदी ठेवत नाही.

नियतकालिकांविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. त्यांची प्लास्टिकची वेष्टने काढू नयेत; धूळ आत जात नाही.

परिषदांचे मात्र तसे नाही. अमेरिकन थोरॅसिक सोसायटीची परिषद मे महिन्यात, युरोपियन रेस्पिरेटरी सोसायटीची सप्टेंबरात आणि ‘चेस्ट’ या अमेरिकेतल्या छातीविकारतज्ज्ञांच्या संघटनेची ऑक्टोबरात भरत असल्याने वर्षभराच्या प्रवासाची आखणी आपोआप होते. परिषदेत बोलण्यासाठी दोनचार आकडे पाठ असावेत. त्यांतला सर्वांत भारदस्त आकडा ‘सहा’. तीव्र श्वसनविकार लक्षणसमूहात, ज्याला आपण सारे एआरडीएस म्हणतो, व्हेंटिलेटरने दर श्वासाला किलोमागे १२ ऐवजी ६ मिलिलिटर हवा दिली तर मृत्यूचे प्रमाण ३९.८ टक्क्यांवरून ३१ टक्क्यांवर येते, हे २००० साली ८६१ रुग्णांच्या चाचणीत सिद्ध झाले. हा आकडा ठाऊक नसलेला फुप्फुसतज्ज्ञ मला अद्याप भेटायचा आहे. गंमत अशी की हे किलो खाटेच्या काट्यावरचे नसतात. ते रुग्णाच्या उंचीवरून काढायचे असतात, कारण माणूस लठ्ठ झाला म्हणून त्याची फुप्फुसे वाढत नाहीत. म्हणजे उंची मोजायला हवी, म्हणजे अतिदक्षता विभागात मोजपट्टी हवी. ‘सहा’ सर्वांना माहीत असावा आणि मोजपट्टी कोणालाच सापडू नये, या स्थितीला मी निरंतर शिक्षणाची परमावधी समजतो. एका रात्रपाळीत कुतूहल म्हणून मी स्वतः ती मागितली होती. परिचारिकेने खण उघडला, आत पाहिले आणि मला सलाइनच्या नळीचा एक लांबसा तुकडा आणून दिला.

आता मार्गदर्शक तत्त्वांकडे, म्हणजे गाइडलाइनकडे वळू. या बाबतीत सबुरीइतके उपयोगी दुसरे काही नाही. नवी गाइडलाइन आली की शांत बसावे, ती बदलतेच. सीओपीडीच्या, म्हणजे श्वासमार्ग कायमचे अरुंद करणाऱ्या जुनाट आजाराच्या, रुग्णांची ए, बी, सी आणि डी अशी विभागणी ‘गोल्ड’ या त्या आजारावरच्या जागतिक तज्ज्ञगटाने २०११ साली केली, २०१७ साली तिच्यातून स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून करायच्या श्वासचाचणीचा, आकडा बाजूला काढला, आणि २०२३ साली सी आणि डी या दोघांना मिळून ई करून टाकले. ज्यांनी सी आणि डी यांच्यातला फरक कधी शिकलाच नव्हता, ते त्या वर्षी बसल्या जागी अद्ययावत झाले. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतील उच्चदाब ठरवणारी सरासरी दाबाची मर्यादा कित्येक वर्षे २५ मिलिमीटर पारा होती. २०१८ साली तज्ज्ञांनी ती २० वर आणावी असे सुचवले आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शनात ती तशी आलीही. काल निरोगी असलेली माणसे काहीही न करता आज रुग्ण झाली. श्वासनलिका औषधाने मोकळी होते की नाही हे ठरवणारी ‘१२ टक्के आणि २०० मिलिलिटर’ ही जुनी जोडगोळी २०२२ साली छापून आलेल्या नव्या मानकाने निवृत्त केली आणि अपेक्षित मूल्याच्या १० टक्क्यांहून अधिक वाढ हा निकष आणला. इतकी धावाधाव कोण करणार? (अपवाद म्हणून छातीतले पाणी तपासण्याचे डॉ. रिचर्ड लाइट यांचे निकष १९७२ पासून जागचे हललेले नाहीत. असल्या आज्ञाधारक निकषांवर आपले प्रेम असणे स्वाभाविक आहे.)

सबुरीच्या या धोरणावर चालताना काही गैरसोयीचे दाखले वाटेत भेटतील. कारण न कळणाऱ्या फुप्फुसतंतुमयतेत, म्हणजे आयपीएफमध्ये, प्रेडनिसोन, अझाथायोप्रिन आणि एन-ॲसिटिलसिस्टीन ही तीन औषधे एकत्र देण्याचा रिवाज होता, आणि तो चांगला शास्त्रोक्त समजला जाई. २०११ साली त्यावरची चाचणी मध्येच थांबवावी लागली, कारण औषधे घेणाऱ्या गटात आठ मृत्यू झाले होते आणि नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्या गटात एक. सीओपीडीच्या धापेत रुग्णवाहिकेत सढळ हाताने ऑक्सिजन देण्याची सवय अशीच जुनी आणि मायेची. टास्मानियातल्या २०१० च्या चाचणीत सढळ ऑक्सिजन मिळालेल्यांपैकी ९ टक्के दगावले, आणि रक्तातील प्रमाण ८८ ते ९२ टक्क्यांच्या दरम्यान राहील इतकाच बेताने दिलेल्यांपैकी ४ टक्के. दम्याच्या रुग्णाला फक्त आराम देणारा पंप लिहून देण्याची सोपी पद्धत ‘जीना’ या दम्यावरच्या जागतिक तज्ज्ञगटाने २०१९ साली मोडीत काढली, कारण तेवढ्याने घुसमट थांबते, पण श्वासनलिकांची सूज आतल्या आत तशीच राहते आणि गंभीर झटक्याचा धोका टळत नाही. असे दाखले समोर आले की पान उलटावे. उलटलेल्या पानावर बहुधा जाहिरात असते.

सीओपीडीच्या तीव्र झटक्यात स्टेरॉइडचा पाच दिवसांचा कोर्स चौदा दिवसांच्या कोर्सइतकाच पुरेसा ठरतो, हे २०१३ पासून छापील आहे. माझा हात मात्र परवापर्यंत १४ हाच आकडा लिहीत होता. मेंदू पाच म्हणतो, पेन चौदा लिहिते, आणि दोघांच्या मधल्या पाऊण हाताच्या अंतरावर माझी सगळी प्रमाणपत्रे मांडून ठेवता येतील.

आपल्याला काय येते आणि काय येत नाही हे ठरवण्यासाठी बाहेरच्या कोणाची मदत घेऊ नये. स्वतःला विचारावे, उत्तर नेहमी समाधानकारक येते. डॉक्टरांनी स्वतःविषयी बांधलेल्या अंदाजांचा आढावा २००६ साली घेण्यात आला, तेव्हा ज्यांचे कौशल्य सर्वांत कमी आणि ज्यांचा आत्मविश्वास सर्वांत जास्त, त्यांचेच अंदाज सर्वाधिक चुकलेले आढळले. म्हणजे आत्मविश्वास वाढत चालला असेल तर आपण नेमके कुठे उभे आहोत याची शास्त्रीय खूण हाती लागली, असे मानायला हरकत नाही. वयाने आणि अनुभवाने आपण आपोआप सुधारतो असेही मनाशी धरून चालावे. २००५ सालच्या एका आढाव्यात निम्म्याहून अधिक मूल्यमापनांतून याच्या उलट निष्कर्ष निघाला, पण तो करणारे बहुधा तरुण असावेत.

स्पायरोमेट्रीच्या कार्यशाळेला एकदा तरी जाऊन यावे, निदान आपली जुनी म्हण यंत्रासह पाहायला मिळते म्हणून. नळी फुंकिली सोनारे, इकडून तिकडे गेले वारे. फरक इतकाच की इथे वारे कुठे गेले याचा आलेख निघतो. किमान तीन स्वीकारार्ह फुंकरी हव्यात, त्यांतल्या सर्वांत मोठ्या दोघींत १५० मिलिलिटरहून अधिक तफावत नको, आणि रुग्णाने आलेख सपाट होईपर्यंत किंवा पंधरा सेकंद होईपर्यंत फुंकत राहायला हवे, असे २०१९ चे मानक सांगते. कार्यशाळेत आपण मान डोलवावी. परत आल्यावर तंत्रज्ञाने एकाच फुंकरीचा कागद समोर ठेवला, तर त्यावर ‘रुग्णाचे सहकार्य असमाधानकारक’ असे लिहून खाली सही करावी.

राहता राहिले इनहेलर. हा विषय शिकण्यासारखा नाहीच, कारण तो आपल्याला पहिल्या दिवसापासून येतो. १९७५ ते २०१४ या काळातील अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१६ साली आला. इनहेलर बरोबर वापरणारे रुग्ण सुमारे ३१ टक्केच निघाले आणि चाळीस वर्षांत त्यात सुधारणा झालेली नव्हती. या चाळीस वर्षांत आपण किती कार्यशाळा घेतल्या, किती पॉइंट वाटले आणि किती भित्तिपत्रके लावली, याचा हिशेब कोणी मागत नाही, हे आपले भाग्य.

तरी एखादा रुग्ण निघतोच. परवा एक आजोबा आले. पिशवीतून त्यांनी दोन इनहेलर काढले, एक दाबून फवारा सोडणारा आणि एक कॅप्सूल फोडून पावडर ओढायचा, दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि विचारले, ‘डॉक्टरसाहेब, हा हळू ओढायचा की जोरात? आणि तो?’ फवारा सावकाश ओढून दहा सेकंद श्वास धरायचा असतो आणि पावडर जोर लावून झटक्यात ओढायची असते, हे मला त्याच आठवड्यात एका परीक्षेत विचारले होते आणि मी बरोबर उत्तर दिले होते, तिसऱ्या प्रयत्नात. आजोबांनी उत्तराची वाट न पाहता फवाऱ्याचा पंप तोंडाला लावला आणि दाबला. त्याचे टोपण काढलेले नव्हते.

अशा वेळी गोंधळून जाऊ नये. घड्याळाकडे पाहावे, पुढच्या रुग्णाला आत बोलवायला सांगावे, आणि रुग्णाला समजावण्याचे काम बाहेर बसलेल्या सहायकाकडे सोपवावे. साडेसात वाजता वेबिनार असतो. विषय, ‘इनहेलर वापरण्याचे तंत्र’. दोन पॉइंट.