चौथी वाटी सँपल

मिसळीच्या टेबलावर बसलेल्या पुणेकराला एक शास्त्र शिकवावं लागत नाही: तेल वर तरंगतं. म्हणून पहिल्या पळीत तर्री येते, दुसरीत जेमतेम, आणि चौथ्यांदा "जरा सँपल द्या" म्हटलं की वाटीत पडतं ते गरम, लाल पाणी. तिखट असतं, मीठही असतं. वाढप्याकडे रागाने बघण्यात अर्थ नसतो. पातेलं तेच, वरून पाणी ओतलेलं, आणि नवी फोडणी द्यायला कुणाला वेळ नाही.

'कुंग फू पांडा' या ॲनिमेशनपटांच्या मालिकेचा चौथा भाग कसा आहे, याला माझं उत्तर एवढंच. पण चाहत्याला एवढ्यावर कोणी सोडत नाही.

पहिला भाग २००८चा, दुसरा २०११चा, तिसरा २०१६चा आणि चौथा थेट २०२४चा. शेवटच्या दोन भागांमध्ये आठ वर्षं. एवढ्या काळात तिसरीतलं पोर अकरावीच्या प्रवेशाच्या यादीत नाव शोधायला लागतं. आपल्याला मात्र उत्साह तिसरीतलाच ठेवायचा असतो, आणि तोही घरच्यांसमोर. घरातले काका हमखास विचारतात, "काय रे, या वयात अस्वलाचं कार्टून?" अस्वल नाही काका, पांडा, असं म्हणायची सोय नाही. पांडा हा अस्वलाच्याच कुळातला. शास्त्र काकांच्या बाजूने आहे.

मग उजळणी. आधीचे तीन भाग मिळून साडेचार तासांहून थोडे जास्त होतात. सगळे बघू नयेत. पहिला बघावा, कारण चौथ्यात त्यातला खलनायक ताई लंग परत येतो आणि तो कोण हे शेजारच्या सीटला कुजबुजत सांगायची वेळ येते. तिसरा सवडीने. दुसरा मात्र आदल्या रात्री चुकूनही लावू नये. उकडीचा मोदक खाऊन वर दुकानातला पेढा खाल्ल्यासारखं होतं. पेढा बिचारा वाईट नसतो.

दुसऱ्या भागात फोडणी नवी होती. नायक पो हा पांडा, तो मिस्टर पिंग नावाच्या हंसाचा मुलगा कसा, ही पहिल्या भागातली गंमत होती. दुसऱ्याने तीच गंमत उचलून तिची जखम केली. मुळ्यांच्या पेटीत लपवून ठेवलेलं पिल्लू, त्याला तिथे ठेवून पळालेली आई. आणि या आठवणी संगणकी त्रिमितीत न दाखवता हाताने काढलेल्या सपाट चित्रांत दाखवल्या, म्हणजे आज आणि तेव्हा यांची सरमिसळ होत नाही. हे ज्याला सुचलं त्याला माझ्याकडून दोन मिसळ.

आता खलनायकांकडे बघा. ताई लंग हा पोच्या गुरूने, शिफूने, पोटच्या पोरासारखा वाढवलेला. शेन या मोराने पोचं सगळं गावच उठवलं. काई हा शिफूच्या गुरूचा, ऊगवेचा, जुना सोबती. प्रत्येकाचं दुखणं पोच्या घरात शिरतं, म्हणून विनोद चालू असतानाही पोटात काहीतरी हलतं. चौथ्यातली सरडी लहानखुरी, म्हणून कुंग फूच्या शाळांनी तिला हाकललं. दुखणं झकास आहे. (पुण्यात शाळाप्रवेशाच्या दुखण्यावर हसायची कोणाची छाती आहे?) पण ती वाढवते कोणाला, तर झेन नावाच्या कोल्हिणीला. म्हणजे जखम सरडीची आणि कोल्हिणीची, पो नुसता सोबत चाललाय. नवरदेवाला त्याच्याच लग्नात पंगतीत वाढायला उभं करावं, तसं.

त्यात सरडी जुन्या खलनायकांना परलोकातून बोलावते, त्यांचं कुंग फू ओढून घ्यायला. तिघांचे आवाज कानात घेऊन चाहता सरसावून बसतो, आणि बोलायला मिळतं एकट्या ताई लंगला.

खरा घाव मात्र वेगळाच. पोचे लढवय्ये साथीदार, म्हणजे वाघीण, माकड, खंडोबाचा किडा (मॅन्टिस), क्रौंच आणि नागीण, हे पाचही जण आपापल्या मोहिमांवर गेलेत, असं सिनेमावाले सुरुवातीलाच सांगून मोकळे होतात. गणपतीत ढोलपथकाने यावं आणि ढोल घरी ठेवावेत! दुसऱ्या भागाचा खर्च १५ कोटी डॉलर होता, चौथ्याचा ८.५ कोटी. पाचजणांची मोहीम त्या फरकात असावी, हा माझा तर्क.

अन्याय नको म्हणून सांगतो: दोन बापांचा भाग अस्सल आहे. सख्खा पांडा ली आणि मानलेला पिंग, दोघं पोराच्या काळजीने मागे निघतात. हंस बेडर, पांडा घाबरट. त्या दोघांवर तासभर सिनेमा काढला असता तरी मी तिकीट काढलं असतं. कड्याच्या टोकावर डुलणारं मद्यालयही बघण्यासारखं आहे.

आपल्याकडे दीड तासाच्या या सिनेमालाही मध्यंतराची कात्री लागते. बनवणाऱ्यांनी मध्यंतर धरलेलंच नसतं, त्यामुळे चढत गेलेला विनोद अर्ध्यावर लटकतो आणि दिवे लागतात. पॉपकॉर्न तेव्हा घेऊ नये, रांगेत पुढची पाच मिनिटं जातात. पाठलागाची दृश्यं तीन रांगा मागून बघावीत, मान दुखत नाही. आणि शेवटी नावं सुरू झाली की उठू नये. पहिल्या भागात नावांनंतर शिफू आणि पो झाडाखाली बसून मोमोसारखे डंपलिंग खातात, हे न बघता घरी गेलेली माणसं अजून कोथरूडात सापडतात.

चौथ्यातही बसून राहावं. नावांबरोबर ते पाचही जण दिसतात, एक शब्द न बोलता. ज्यांच्यासाठी आलो ते अखेर पडद्यावर, आणि नेमके तेव्हाच समोरच्या रांगेतले आजोबा उभे राहून चप्पल शोधत असतात.