गटार आहे हो, पण ते जातं कुठं?

‘नव्या लेआउटमध्ये रस्त्याकडेला गटार सक्तीचं केलं की पाणी तुंबणार नाही’ हे लेखातलं वाक्य काही पटलं नाही. सांगलीत आमच्या प्लॉटिंगमध्ये गटार आहे, चांगलं आरसीसीचं. पण ते शेवटच्या प्लॉटच्या कुंपणाशी संपतं, पुढं उसाचं रान! नाल्यापर्यंतची लेव्हल कुणी काढलीच नाही. जमीन काळी, पाणी मुरतंय कुठलं? तासभर वळीव झाला की चपला पोर्चमधून तरंगत फाटकाशी.

आणि कृष्णा फुगली की फुगवटा नाल्यातून उलटा आत येतो. २०१९ ला आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५. मंजुरी देताना गटाराचं तोंड कुठं आणि किती उंचीवर उघडतं, ते आधी नकाशावर दाखवायला लावा. रुंदीचं नंतर बघू.