‘म्हातारा घोडा नखरे करतो, उपाशी ठेवा’ या मेसेजमधलं काय काय चुकतंय

म्हाताऱ्या घोड्यांना कसं खाऊ घालायचं याबद्दल एक मेसेज सध्या जिकडेतिकडे फॉरवर्ड होतोय. मजकूर साधारण असा: घोडा विशीच्या पुढे गेला की खाण्यात नखरे करायला लागतो, लाड केले की आणखी बिघडतो, दोन दिवस काही देऊ नका, भूक लागली की निमूट खाईल. दातांची काळजी नको कारण घोड्याचे दात आयुष्यभर वाढतात. चव यावी म्हणून मोलॅसिस (उसाची गोड मळी) घाला, रोज गरम कोंड्याचा मॅश, म्हणजे लापशीसारखा कालवलेला कोंडा, द्या, किडनीवर ताण नको म्हणून प्रोटीन कमी करा, आणि तरीही बारीक झाला तर मनाला लावून घेऊ नका, वय झालंय, वजन उतरणारच. वाचायला अगदी मुरलेल्या माणसाचं बोलणं वाटतं म्हणून लोक डोळे झाकून पुढे पाठवतात, पण यातलं पहिलंच सांगणं पाळलं तर घोडा जिवानिशी जाऊ शकतो, म्हणून एकेक मुद्दा धरून लिहितोय, लांबलं तर लांबलं.

आधी उपाशी ठेवण्याचं. कुत्र्याने एक वेळचं जेवण सोडलं तर फारसं बिघडत नाही, घोड्याचं तसं नसतं. त्याच्या जठरात ॲसिड चोवीस तास पाझरत असतं, समोर चारा असो नाहीतर नसो, आणि त्या ॲसिडला आवर घालतात दोन गोष्टी, चावताना सुटणारी लाळ आणि पोटातला गवताचा थर. चारा बंद केला की दोन्ही गेल्या. एक दिवस चारा आणि एक दिवस उपास असं आलटूनपालटून केलेल्या प्रयोगात घोड्यांच्या जठरात अल्सर झालेले दिसलेत, आणि अल्सर झालेला घोडा आणखी कमी खातो. म्हणजे खाणं सुधारावं म्हणून उपाशी ठेवायचं आणि होतं तेवढंही खाणं तोडायचं.

याहून मोठा धोका पोनी, मिनिएचर घोडे आणि गाढवं यांना, त्यातही अंगाने भरलेल्यांना. खाणं थांबलं की शरीर साठवलेली चरबी एकदम रक्तात सोडायला लागतं, लिव्हरला ती झेपत नाही, लिव्हरमध्येच साचते, रक्ताचा नमुना थोडा वेळ ठेवला तर वरचा भाग दुधाळ दिसतो. हा हायपरलिपीमिया. एकदा जोर धरला की औषधपाणी करूनही बरीच जनावरं हाताला लागत नाहीत. मोठ्या जातीच्या घोड्यांत हे कमी दिसतं पण दिसतं. शिवाय खाण्यावरून तोंड फिरवणं हे कॉलिकचं, म्हणजे घोड्याच्या जीवघेण्या पोटदुखीचं, पहिलं लक्षण असू शकतं, तेव्हा त्याला हट्टी ठरवून आपण दोन दिवस वाट बघत बसलो तर उपचाराची वेळ निघून जाते. घोड्याने सगळंच सोडलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा, आणि पोनी किंवा गाढव असेल तर संध्याकाळपर्यंतसुद्धा थांबायचं नाही.

आता दात, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे कारण म्हाताऱ्या घोड्याच्या बहुतेक ‘नखऱ्यां’चं मूळ तोंडात सापडतं. ‘आयुष्यभर वाढतात’ हे चूक आहे. सशाचे दात खरंच वाढत राहतात, घोड्याचे नाही. घोड्याचा दात तरुणपणीच पूर्ण लांबीचा तयार होऊन हिरडीच्या आत जबड्यात बसलेला असतो आणि वर जितका झिजेल तितका खालून सरकत येतो, वर्षाला साधारण २ ते ३ मिलिमीटर. साठा ठरलेला आहे. पंचविशी-तिशीकडे तो संपत येतो, मग दाढेवरच्या एनॅमलच्या धारदार कडा जातात आणि वरचा भाग गुळगुळीत होतो, टाकी न लावलेल्या जात्यासारखा. घोडा चावतोय असं आपल्याला दिसतं, पण भरडलं काहीच जात नसतं. त्यात कुठली दाढ हललेली, कुठली पडून गेलेली, तिच्या समोरची वाढून खाली घुसलेली, दोन दाढांच्या फटीत गवत कुजून हिरडी दुखरी झालेली, आणि वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद असल्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड गालाला कापतेय आणि खालच्यांची आतली कड जिभेला.

१ किलो वाळलं गवत खायला घोड्याला साधारण ४० मिनिटं लागतात आणि त्यात ३००० च्या वर चावे होतात. प्रत्येक चावा दुखत असेल तर तो काय करेल? मऊ दाणा खाईल आणि गवत ठेवेल, आणि आपण म्हणणार याला दाण्याची चटक लागली.

खरं काय चाललंय ते गव्हाणीखाली वाकून बघितलं की कळतं. अर्धवट चावलेल्या गवताचे ओलसर, लांबट गोळे पडलेले असतात, हाताच्या बोटाएवढे वळलेले, कधी त्याला लाळेची तार असते आणि वास येतो. आमच्या इथे एक सव्वीस वर्षांची घोडी होती, सगळ्यांच्या तोंडी तिचं नाव नखरेल, गवताचा घास घेताना मान तिरकी करायची, पाण्यात बुडवून मग चघळायची, आणि बऱ्याचदा थुंकून टाकायची. डॉक्टरांनी गुंगीचं औषध देऊन, जबडा उघडा ठेवायचं साधन लावून, टॉर्चने पार मागपर्यंत बघितलं तर शेवटून दुसरी दाढ बोटाने हलत होती. दाढ काढली, भिजवलेला चारा सुरू केला आणि ‘नखरे’ गेले. ओठ वर करून पुढचे दात बघून ‘दात ठीक आहेत’ म्हणण्याला काही अर्थ नाही हे यासाठी सांगतोय, बाजूच्या २४ दाढा बाहेरून दिसतच नाहीत.

पुढच्या दातांचाही एक आजार आहे, ईओटीआरएच म्हणतात, पंधरा वर्षांवरच्या घोड्यांत जास्त सापडतो. दाताचं मूळ आतून झिजत जातं आणि काही ठिकाणी त्याभोवती नको तेवढा सिमेंटम (मुळावरचा हाडासारखा थर) चढून फुगवटा येतो, फार दुखतो. असा घोडा गाजराचा तुकडा दातांनी तोडायचं टाळतो, ओठांनी उचलता येईल तेवढंच घेतो. एक्स-रे काढल्याशिवाय किती पसरलाय ते समजत नाही. म्हाताऱ्या घोड्याचं तोंड वर्षातून एकदा तरी तपासून घ्यायलाच हवं, दाढा खराब असतील तर दर सहा महिन्यांनी.

घोडा काय सोडतो याकडे लक्ष द्या, त्यातच निम्मं निदान असतं. गवत सोडून दाणा खात असेल तर आधी तोंडाचा संशय घ्यायचा. दाणा सोडून गवत खात असेल तर जठरातल्या अल्सरचा. दोन्ही सोडलं असेल तर ताप, कुठलं तरी दुखणं, लिव्हर, किडनी, असं बरंच काही निघू शकतं. हे काही पक्के नियम नाहीत, पण डॉक्टरला फोनवर ‘खात नाही’ म्हणण्यापेक्षा ‘चार दिवस झाले, गवत खातोय, खुराक हुंगून मागे सरतोय’ असं सांगितलं तर त्यांचं काम कितीतरी सोपं होतं. आणि अंगात काही दुखत नसतानाही खाणं कमी होऊ शकतं, म्हणजे एकत्र सोडलेल्या घोड्यांत तरुण घोडा त्याला चाऱ्यापासून हाकलतोय, किंवा मानेच्या संधिवातामुळे जमिनीवरच्या बादलीपर्यंत तोंडच पोचत नाहीये. बादली छातीच्या उंचीवर टांगून बघायला पैसे लागत नाहीत.

मोलॅसिसवर येऊ. ‘गोड घातलं की खातो’ हे खरं आहे, नाकारत नाही, पण पंधरा वर्षांवरच्या साधारण दर पाच घोड्यांमागे एकाला पीपीआयडी, म्हणजे आपण ज्याला कुशिंग म्हणतो तो हार्मोनचा आजार असतो असा अंदाज आहे, आणि यातल्या बऱ्याच घोड्यांचं इन्सुलिनचं गणित बिघडलेलं असतं. अशा घोड्याला साखर आणि स्टार्च वाढवून दिलं की लॅमिनायटिस होतो, म्हणजे खुराच्या आत सूज येऊन हाडाला धरणारी पकड सुटते, घोडा पाय टाकायला तयार होत नाही. अंगावरचे लांब केस उन्हाळा आला तरी गळत नाहीत, पाठीवरचं मांस उतरलंय, पोट लोंबतंय, असं दिसत असेल तर गोड घालायच्या आधी एसीटीएच (कुशिंगमध्ये वाढणारं हार्मोन) आणि इन्सुलिनची रक्ततपासणी करा. कुशिंगवर पर्गोलाइड नावाचं औषध देतात, आणि त्याच्याही सुरुवातीला काही घोड्यांची भूक मरते, तेव्हा डॉक्टर डोस खाली आणून हळूहळू वर नेतात. हे माहीत नसलं की लोक औषध बंद करतात नाहीतर घोड्याला दोष देतात.

रिपोर्ट व्यवस्थित असले तरी एका वेळच्या खाण्यात स्टार्च वजनाच्या दर किलोला १ ग्रॅमच्या आतच ठेवायचं, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला ५०० ग्रॅमच्या आत. चवच आणायची असेल तर दुसरे मार्ग आहेत. ब्रिटनमध्ये घोड्यांपुढे वेगवेगळे वास-चवी ठेवून केलेल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिल्या दोन पसंती निघाल्या मेथी आणि केळं! चिमूटभर मेथीपूड किंवा ताजा पुदिना घालून बघा. आणि एक गोष्ट कृपा करून टाळा, कडू औषध रोजच्या खुराकात लपवणं. घोडा एकदा फसला की त्या बादलीवरचा विश्वास जातो आणि मग औषध नसतानाही तो तिला तोंड लावत नाही. औषध वेगळ्या थोड्याशा घासातून किंवा सिरिंजने द्यायचं.

कोंड्याचं थोडक्यात. गव्हाच्या कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या जवळजवळ दहापट असतो, घोड्याला मात्र कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा कमी पडून चालत नाही. रोज भरपूर कोंडा दिला आणि कॅल्शियमची भर घातली नाही तर शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं आणि जबड्याची हाडं सुजल्यासारखी मऊ होतात. आधीच दाढा हलतायत त्या जनावराला हे आणखी कशाला? कोमट, ओलसर खाणं चांगलंच, पण ते दुसऱ्या कशाचं करा, पुढे सांगतो.

प्रोटीनचं तर उलटंच आहे. किडनीचा आजार तपासणीत सिद्ध झालाय तिथे डॉक्टर सांगतील तसं, पण नुसत्या वयावरून प्रोटीन तोडायचं कारण नाही. म्हाताऱ्या घोड्याचं पाठीवरचं, फऱ्यावरचं मांस झपाट्याने उतरतं आणि ते टिकवायला चांगल्या दर्जाचं प्रोटीन, विशेषतः लायसिन हा प्रोटीनमधला घटक, लागतं. १२ ते १४ टक्के प्रोटीन असलेला खुराक बहुतेकांना चालतो.

राहिलं ‘वय झालं की वजन उतरणारच’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं, कारण त्याच्या आडोशाला उपचार होण्यासारखी सगळी दुखणी लपून जातात. दात बघितलेत, जंतांसाठी लिदीची तपासणी झालीये, रक्त तपासलंय, चारा पोटभर आहे, असा विशीतला घोडा व्यवस्थित वजन धरून राहतो. आणि वजन डोळ्यांनी मोजू नका, लांब केसांखाली बरगड्या लपतात. हाताने चाचपायचं, १९८३ साली हेनेकी यांनी १ ते ९ गुणांची पद्धत मांडली ती मान, खांदा, बरगड्या, कंबर, शेपटीचं मूळ हे सगळं हात लावून बघायलाच सांगते. जोडीला टेप. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंतची लांबी, भागिले ११८८०, आलं अंदाजे वजन किलोत. दर दोन आठवड्यांनी लिहून ठेवा.

आता चारा चावताच येत नसेल तर काय, कारण पोट भरायला ५०० किलोच्या घोड्याला दिवसाला साडेसात ते दहा किलो कोरडा चारा लागतोच, वाटीभर खुराक वाढवून ती भरपाई होत नाही. गवताचे किंवा लसूणघासाचे क्यूब नाहीतर पेलेट, बिनमोलॅसिसचा बीट पल्प (साखर काढून उरलेला बीटचा चोथा), किंवा ज्यात चाऱ्याचा वाटा धरलेला आहे असा म्हाताऱ्या घोड्यांसाठीचा ‘सीनियर’ खुराक, हे सगळं पाण्यात पूर्ण फुगून बोटाने सहज चुरडेल इतकं भिजवायचं. अर्धवट भिजलेले क्यूब घशात अडकतात, मग नाकातून लाळ आणि चाऱ्याचं पाणी यायला लागतं, तसं झालं तर लगेच खाणं-पाणी काढून डॉक्टरला बोलवायचं, हाताने काही ढकलायला जायचं नाही. दिवसाचं खाणं चार ते सहा वेळांत वाटून द्या, उष्णतेत भिजवलेलं दोन-तीन तासांत आंबतं त्यामुळे उरलेलं टाकून बादली घासून घ्या (आंबट वासाच्या बादलीला तोंड न लावणारा घोडा बरोबरच वागतोय), आणि कुठलाही बदल ७ ते १४ दिवसांत हळूहळू करा. थंडीत पाणी कोमट करून ठेवा, म्हातारे घोडे गार पाणी कमी पितात आणि आतड्यात चारा अडकून कॉलिक होतो. लांब गवत पूर्ण बंद करायची गरज नाही, चघळायला थोडं समोर राहू द्या, पण ते त्याच्या पोटात जातंय असं धरून हिशोब करू नका, खाली पडलेले गोळे उचलून बघा किती आहेत.