एकच कुल म्हणजे एकच गुण? हा मेसेज पुढे पाठवू नका

‘निसर्गाची खरी विभागणी’ अशा मथळ्याचा, वनस्पतींच्या कुलांबद्दलचा (कुल म्हणजे जवळच्या नात्यातल्या वनस्पतींचा गट, ‘फॅमिली’) एक मेसेज सगळीकडे फिरतोय. परवा तो मावशीनं मला पाठवला आणि विचारलं, “म्हणजे ओळखीच्या कुलातलं काहीही खाल्लं तर चालतं ना गं?” हे वाचून गप्प बसवेना.

मेसेजचा मुख्य दावा तोच: एका कुलातल्या वनस्पतींचे गुण सारखे, त्यामुळे एक खाण्याजोगी तर सगळ्याच खाण्याजोग्या. बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची सोलॅनेसी कुलातली. धोतरा आणि बेलाडोनाही त्याच कुलातले! धोतऱ्यातल्या अ‍ॅट्रोपीन, स्कोपोलामाइननं माणूस भ्रमिष्ट होतो, जीवही जाऊ शकतो. गाजर-कोथिंबिरीच्या कुलात जीवघेणं हेमलॉक आहे. कुल तर लांबच, प्रजातीचीही (कुलाहून लहान गट, ‘जीनस’) खात्री नाही. अ‍ॅमानिटा सिझेरिया ही अळंबी लोक आवडीनं खातात. त्याच प्रजातीतली अ‍ॅमानिटा फॅलॉइडिस यकृत निकामी करते. तिचं विष शिजवूनही जात नाही आणि उलट्या-जुलाब सुरू व्हायला बरेच तास लागतात, तोवर ते अंगात भिनलेलं असतं. अहो, बटाट्याचे कोंब आणि हिरवी पडलेली सालसुद्धा विषारी असते, तिथे अख्ख्या कुलाची हमी कोण देणार?

आता, एका कुलात मिळतीजुळती रसायनं सापडतात हे खरं आहे. औषधं शोधणारे म्हणूनच जवळच्या वनस्पती तपासतात. पण तपासतात, थेट खात नाहीत. कुलावरून कळतं ते पूर्वजांचं नातं; कुठल्या भागात किती विष आहे ते कळत नाही.

मेसेजमधलं ‘अळंबी ही वनस्पतीच’ हेही चूक. जीवशास्त्रज्ञ व्हिटाकरनं १९६९ मध्येच कवकांना (अळंबी, बुरशी वगैरे) स्वतंत्र सृष्टी, म्हणजे ‘किंगडम’, दिली, आणि जनुकं पाहिली तर कवकं प्राण्यांच्या जास्त जवळची निघतात.

पुढे म्हटलंय, वर्गीकरणाच्या सात पायऱ्या (सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती) निसर्गानंच आखल्या. आणि लगेच, शास्त्रज्ञ मनाला येईल तशा त्या बदलतात. दोन्ही एकदम खरं कसं असेल? वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनिअसच्या १७५८ च्या ग्रंथात संघ आणि कुल या पायऱ्या नव्हत्याच, त्या नंतर आल्या. पायऱ्या सोयीसाठी आहेत, एवढं मान्य. पण बदल पुराव्यावर होतात. सपुष्प (फुलं येणाऱ्या) वनस्पतींचं एपीजी, म्हणजे ‘अँजिओस्पर्म फायलोजेनी ग्रुप’ या शास्त्रज्ञांच्या गटाचं, वर्गीकरण बघा: १९९८ मध्ये पहिलं, २०१६ मध्ये चौथं, आधार मुख्यतः डीएनएचा. कमळ आणि कुमुद पाण्यात शेजारी वाढतात, दिसतातही सारखे, म्हणून पूर्वी एकाच कुलात धरले जायचे. डीएनए तपासल्यावर कमळाचं जवळचं नातं निघालं चिनार वृक्षाशी.