हाच तो मुलगा!

रविवारची दुपार. जेवणं आटोपली आहेत, घरची मंडळी टीव्हीसमोर लवंडली आहेत आणि कुणीतरी हलकाफुलका प्रेमपट लावलाय. असल्या सिनेमांचा शेवट आधीच कळतो, ते बघून हसणारे बिनडोक, असं मानणाऱ्यांतले तुम्ही असाल, तर अशा वेळी घराण्याच्या अकलेची सगळी जबाबदारी तुमच्यावर येते, हे ध्यानात ठेवा. बाकीचे हसायच्या तयारीतच बसलेत. त्यांना वेळीच आवरायला हवं.

पहिलं काम म्हणजे शेवट सांगून टाकणे. समजा, 'मुंबई-पुणे-मुंबई' लागलाय, २०१० सालचा, सतीश राजवाडेंचा. मुंबईची मुक्ता बर्वे स्थळाला नकार द्यायला पुण्यात येते आणि रस्त्यात पत्ता विचारते तो स्वप्निल जोशीला. बस्स, इथंच सोफ्यावर सावरून बसा आणि जाहीर करा, "हाच तो मुलगा!" मेथी निवडता निवडता बायको म्हणेल, "अहो, सहाव्यांदा बघतोय आम्ही." खचू नका. सहा वेळा बघूनही यांना लाज कशी वाटत नाही, हाच तर तुमचा मुद्दा आहे.

पुढे ती दोघं दिवसभर पुण्यात हिंडतात आणि मुंबई भारी की पुणे यावरून भांडतात. ती भांडणं अजिबात ऐकू नयेत, हसू फुटण्याचा धोका असतो. त्या वेळात शंका काढाव्यात. नकारच द्यायचा तर फोनवर देता आला नसता? दिवस मावळत आला तरी एकमेकांचं नाव कसं विचारत नाहीत? (हा दुसरा प्रश्न मला चौथ्यांदा बघताना पडला. ते असो.)

हा गुण अंगी मुरायचा तर सराव हवा. पुढच्या लग्नात पहिली मंगलाष्टका सुरू झाली, की मुठीतल्या अक्षता खिशात घाला आणि मोठ्यानं सांगा, "शेवटी अंतरपाट खाली येणार आणि हे दोघं हार घालणार. ताटकळताय कशाला? पंगतीला चला." कीर्तनात सीतास्वयंवर लागलं, तर रावण उठायच्या आतच धनुष्य कोण मोडणार ते बोलून मोकळे व्हा. बुवांचे कष्ट वाचतील.

घरात एखादे नाटकवेडे काका असतील तर मात्र जपून. ते हटकून 'संशयकल्लोळ' काढतात. देवलांचं हे नाटक १९१६ साली रंगभूमीवर आलं. तसबीर कुणाची, ती कृत्तिकेच्या हाती कशी लागली, सगळं प्रेक्षकाला आधीच ठाऊक. कळत नाही ते फक्त तिच्या संशयी नवऱ्याला, फाल्गुनरावाला, आणि त्याच्या त्या न कळण्यालाच लोक शंभरावर वर्षं हसत आलेत. आपल्याला कळलंय आणि त्याला अजून नाही, गंमत तिथंच असते, असं काका म्हणतील. याला उत्तर नाही, म्हणून ते शोधूही नये. "ते अभिजात आहे हो," एवढं म्हणून चहा मागावा.

मुंबई सेंट्रल स्टेशनजवळच्या मराठा मंदिर थिएटरात तर पाऊलही टाकू नका. तिथली मंडळी कामातून गेलेली आहेत. 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे' तिथं ऑक्टोबर १९९५मध्ये लागला आणि डिसेंबर २०१४मध्ये त्यानं हजार आठवडे पूर्ण केले. २०१५च्या फेब्रुवारीत तो उतरवायचं ठरलं, तर लोकांनी अशी ओरड केली की पुन्हा लावावा लागला. बाहेरगावच्या गाडीला वेळ आहे म्हणून बॅग पायाशी ठेवून बसलेला माणूससुद्धा तिथं शेवट जाणून असतो. तुम्ही मोठ्या हौसेनं तोंड उघडाल, तर पडद्यावरच्या शाहरुखच्या आधीच मागच्या रांगा "पलट" म्हणून मोकळ्या. सांगणार कुणाला?

राहता राहिली एक बारीकशी सूचना. दुपारी शंका काढण्याच्या नादात सिनेमा नीट बघून होत नाही. तो रात्री सगळे झोपल्यावर मोबाईलवर बघायचा असेल, तर इअरफोन नीट खोचलाय ना, हे तपासून घ्या. मागच्या रविवारी मी स्वयंपाकघरात अंधारात बसून पुन्हा पहिल्यापासून लावला होता. मुक्ता बर्वेनं पत्ता विचारायला तोंड उघडलं मात्र, आतल्या खोलीतून आवाज आला, "हाच तो मुलगा!"