आधी खंदकातलं पाणी

रविवारी गोव्यात डिचोलीला फोन लावला की दादाचा पहिला विषय लोहखनिजाच्या खाणींचा. लिलाव झालेल्या सगळ्या लीजवर, म्हणजे खाणपट्ट्यांवर, काम कधी सुरू होणार, ट्रक कधी धावणार. शेजारचे काका म्हणतात, ती लाल धूळ पुन्हा नकोच. मला दोघांचंही दुःख कळतं. पण जुन्या खंदकांत तुंबलेल्या पाण्याबद्दल दोघांपैकी कुणीच बोलत नाही.

मी राहते ते कोलोरॅडोतलं ड्युरँगो ॲनिमस नदीच्या काठावर आहे. 5 ऑगस्ट 2015 रोजी वरच्या डोंगरातल्या गोल्ड किंग खाणीत अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पर्यावरण खात्याचं पथक काम करत असताना तोंड फुटलं आणि सुमारे 1 कोटी 10 लाख लिटर पाणी बाहेर पडलं. अख्खी नदी नारिंगी झाली. सोन्याची ही खाण 1923 मध्येच बंद पडली होती! दगडातल्या पायराइटला, म्हणजे लोखंड-गंधकाच्या खनिजाला, हवा आणि पाणी लागलं की आम्ल तयार होतं, ते जस्त, कॅडमियम, शिसं विरघळवत खाली उतरतं. आता खाणीजवळच्या ग्लॅडस्टोनच्या जलशुद्धीकरण केंद्रात त्या पाण्यात चुना मिसळून धातू खाली बसवतात. चुना थांबला की विष पुन्हा नदीत, म्हणून हे काम संपतच नाही.

इथे बेवारस खाणीचं पाणी स्वच्छ करायला संस्था घाबरत, कारण हात लावला की कायद्याने जबाबदारी त्यांच्याच गळ्यात पडे. डिसेंबर 2024 च्या कायद्याने, प्रदूषणाशी संबंध नसलेल्यांसाठी ती जबाबदारी गळ्यात न पडता सफाई करण्याच्या 15 प्रायोगिक परवान्यांची सोय केली. मला ते मनापासून आवडलं.

गोव्यात मात्र ही पळवाट कुणाला मिळू नये. आपल्याकडे आम्लापेक्षा गाळाचा जाच मोठा. आमच्या खालच्या मळ्यात डंपवरची, म्हणजे खाणीतल्या टाकाऊ मातीच्या ढिगावरची, माती उतरली, तेव्हापासून बाबांनी तिथे भात लावलेलं नाही. आणि आपल्या खाणी बेवारस नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ज्या 88 लीज रद्द केल्या, त्या कुणाच्या होत्या हे सरकारी कागदांवर आहे. खंदक, डंप आणि पावसाळ्यात काठोकाठ भरणारं पाणी यांचा खर्च आधी त्यांच्याकडून घ्या. नव्या लीजवाल्याकडूनही पहिला ट्रक भरण्याआधीच पैसे बाजूला ठेवून घ्या, खाण बंद झाल्यावर नव्हे.

दादा म्हणाला, "अगं, आधी काम तरी सुरू होऊ दे." मी म्हटलं, खंदक साफ करणं हेसुद्धा कामच आहे, दादा. पंप, चर, बांध, झाडं. ट्रकवाल्यांना पुरेल इतकं.